मेजावरची उपकारस्तुती उरकू नका : मराठी मंडळ्यांच्या पाळकांना आणि पंचांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांचे (चर्चचे) पाळकसाहेब, पंच आणि पास्टरेट कमिट्यांचे सर्व सभासद

विषय : प्रभुभोजनासाठी सीलबंद कप कायम करण्याचे ठराव आणि मेजाची होणारी हेळसांड

आदरणीय पाळकसाहेब आणि पंचमंडळी,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

करोनाच्या साथीत प्रभुभोजनाला, म्हणजे प्रभू येशूच्या मरणाच्या आठवणीत मेजावरची भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीला, चकती आणि रस एकत्र बंद केलेले सीलबंद कप आले, तेव्हा कोणी कुरकुर केली नाही. दुसऱ्याने हात लावलेल्या तबकाला शिवायचीही भीती वाटायची असे ते दिवस होते, आणि मेज साफ बंद ठेवण्यापेक्षा ते कप बरे होते. साथ ओसरली, शाळा भरू लागल्या, लग्नांच्या पंगती पूर्वीसारख्या उठू लागल्या. कप मात्र राहिले. आता तर ‘सोयीचे पडते’ एवढ्या एका कारणावर ते कायमचे ठेवायचे ठराव कमिट्यांमधून होत आहेत. हे पत्र त्या ठरावांमुळे लिहावे लागत आहे. ते उघडपणे लिहिले आहे, कारण मेज एकट्या कमिटीचे नाही. बाकावर बसणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावे अशी इच्छा आहे.

शनिवारी संध्याकाळी मेजाच्या कापडाला इस्त्री करणारे, भाकर भाजणारे, रस गाळणारे आणि रविवारी सगळे घरी गेल्यावर कप धुणारे आम्ही लोक आहोत. सभेच्या इतिवृत्तात आमचा उल्लेख नसतो आणि त्याबद्दल तक्रारही नाही. पण मेजावर काय घडते आणि काय घडायचे राहून जाते, हे आमच्याइतके जवळून दुसरे कोणी पाहत नाही. ज्याच्या मरणाची आठवण त्या मेजावर करायची, त्याच्या उपकारावर आमचे जगणे उभे आहे. म्हणून गप्प बसवत नाही.

आधी एका शब्दाबद्दल. मराठी शास्त्रात (बायबलात), प्रभूने धरून दिल्या जाण्याच्या रात्री भाकर घेऊन ‘उपकारस्तुती’ केली, असा शब्द आहे. मूळ ग्रीकमध्ये हा जो शब्द, त्याच्यावरूनच जगातल्या कितीतरी मंडळ्यांनी या विधीला ‘युकॅरिस्ट’ असे नाव दिले. म्हणजे या विधीचे नावच कृतज्ञता आहे. ज्या रात्री मित्र विकणार, दुसरा नाकारणार आणि उजाडल्यावर खांब आणि खिळे, त्या रात्री त्याने उपकार मानले, भाकर मोडली आणि ‘माझ्या स्मरणार्थ हे करा’ म्हणाला. जेवण आटोपल्यावर ते स्तोत्र गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे निघाले. यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या रीतीप्रमाणे गायची स्तोत्रे ११३ ते ११८, आणि त्यांतले शेवटचे उपकारस्तुतीनेच सुरू होते आणि उपकारस्तुतीनेच संपते. त्या रात्रीत घाई कुठेच दिसत नाही.

आपल्याकडे काय होते ते आता सांगतो.

पहिली तक्रार वेळेची आहे. पहिल्या रविवारी भक्ती साडेनऊला सुरू होते. सूचना, वाढदिवस, सत्कार, देणग्यांचे वाचन यांत वीस-पंचवीस मिनिटे जातात, संदेश चाळीस मिनिटांचा होतो आणि मेजावरचे कापड उघडेपर्यंत साडेअकरा वाजतात. मग पाळकसाहेब घड्याळ पाहतात. कात्री लागते ती उपकारस्तुतीच्या प्रार्थनेलाच. प्रभूचे शब्द तेवढे वाचले जातात आणि ‘आता पंचांनी पुढे यावे’ अशी हाक येते. निर्मिती, मिसरातून (इजिप्तमधून) सुटका, देहधारण, क्रूस, पुनरुत्थान, पुन्हा येणे हे सगळे ज्या प्रार्थनेत ओळीने आठवायचे, तीच गाळली तर आठवण कशाची केली? दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये जस्टिन नावाच्या विश्वासी पंडिताने त्या काळची रविवारची भक्ती लिहून ठेवली आहे. भक्ती चालवणारा लांबपर्यंत उपकार मानतो आणि सगळे लोक ‘आमेन’ म्हणतात, असे तो सांगतो. छळाच्या दिवसांत लपतछपत जमणाऱ्यांना तेवढा वेळ मिळत होता.

वाटपाला वेळ लागतो, हे खरे आहे. पण किती, ते मोजून पाहावे. दोनशे माणसे असतील आणि मेजापुढच्या कठड्याशी बारा-बारा जण गुडघे टेकत असतील, तर सतरा फेऱ्या होतात. फेरीला तीन मिनिटे धरली तरी पन्नास मिनिटे लागतात. तेच चाळीस कपांची पाच तबके आणि भाकरीच्या चार ताटल्या घेऊन पंचांच्या चार जोड्या बाकांमधून गेल्या, तर बारा-पंधरा मिनिटांत वाटप पुरे होते. कठड्याची रीत मोडा असे आम्ही म्हणत नाही. गुडघे टेकून घेण्यात जे आहे ते आम्हालाही प्रिय आहे. पण ती रीत ठेवायची तर त्या रविवारी संदेश पंधरा मिनिटांचा करावा लागेल आणि सत्कार पुढच्या रविवारी ढकलावे लागतील.

दुसरी तक्रार खुद्द सीलबंद कपाची. एक कप हातात घेऊन पाहा. वर दोन पदर असतात. वरचा पातळ पदर सोलला की चकती मिळते, खालचा जाड पदर सोलला की रस. दोन्ही पदरांची टोके एकमेकांना चिकटलेली असतात. सत्तरीच्या आजींच्या संधिवाताच्या बोटांत ते टोक सापडत नाही. सापडून ओढले तर दोन्ही पदर एकदम निघतात, रस उसळतो आणि पांढऱ्या लुगड्यावर जांभळा ओघळ उतरतो. चकती पदराला चिकटून तुटते आणि तिचा अर्धा भाग बाकाखाली जातो. मंडळी शांत बसून आत्मपरीक्षण करत असते नेमक्या तेव्हा दोनशे पदरांचा चरचराट चालू होतो. हे आम्ही महिन्यामागून महिने पाहत आलो आहोत.

पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. सीलबंद कपात काहीच मोडले जात नाही. प्रत्येकाची चकती कारखान्यातूनच सुटी आलेली. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रात सांगतो की भाकर एक आहे, म्हणून आपण पुष्कळ असूनही एक शरीर आहोत. पाळकसाहेबांच्या हातात आख्खी भाकर असते, ती सगळ्यांसमोर मोडली जाते, तिचा आवाज पहिल्या बाकापर्यंत ऐकू येतो, तेव्हा हे वाक्य डोळ्यांना दिसते. मोडण्याच्या त्या एका क्षणात त्याचे मरण आहे. तो क्षणच गेला तर लहान मुलांना कशाकडे बोट दाखवून सांगायचे?

आपल्या महाराष्ट्रात तर या एका भाकरीची किंमत फार मोठी मोजली गेली आहे. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. ब्राह्मण घरातले हरिपंत खिस्ती यांचा बाप्तिस्मा १८३९ चा. त्या दिवसांत, ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला जाई त्यांच्यासोबत एका मेजाशी येणे आणि त्यांनी ओठ लावलेला प्याला आपल्या ओठांना लावणे, याचा अर्थ घरदार, नातीगोती, वडिलांची माया एका घोटात सोडणे असा होता. दुसऱ्या बाजूला, पिढ्यान्पिढ्या पंगतीच्या बाहेर बसवलेला माणूस आयुष्यात पहिल्यांदा त्याच ताटातून घेत होता. मराठी मंडळी त्या मेजावर जन्मली. आणि आज आपण त्याच मेजावर प्रत्येकाला वेगळा, बंद, दुसऱ्याचा हात न लागलेला कप देतो, तोही कोणती साथ नसताना. ज्यांनी ते सोसले त्यांची याद ठेवायला फलक आणि शताब्दीच्या स्मरणिका पुरत नाहीत.

‘मग करणार कोण, वेळ कुठे आहे?’ असे कमिटीत विचारले जाते. आम्ही करतो. काय लागते ते लिहून देतो, म्हणजे ‘जमत नाही’ हे कारण राहणार नाही.

भाकरीसाठी पाव किलो कणीक, अर्धा चमचा मीठ, दोन मोठे चमचे तेल आणि साधारण १३० मिली पाणी घ्यावे. पीठ घट्ट मळून वीस मिनिटे झाकून ठेवावे. त्याच्या दोन गोल भाकरी, सुमारे वीस सेंटिमीटर रुंद आणि अर्धा सेंटिमीटर जाड, लाटाव्यात. काट्याने टोचावे, नाहीतर पोळीसारखी फुगते आणि मोडताना पापुद्रा निघून येतो. दीड-दीड सेंटिमीटरवर सुरीने चौकटी आखाव्यात, पण आरपार कापू नये. ओव्हन असेल तर १८० अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटे. नसेल तर जाड तव्यावर अगदी मंद आचेवर, झाकण न ठेवता, उलटून-पालटून. मध्यभागी जराशी मऊ असतानाच उतरावी. जास्त भाजली तर मोडताना ठिकऱ्या उडतात, कच्ची राहिली तर पिठासारखी टाळूला चिकटते. दोन भाकरींत दोनशे माणसांना पुरून उरते. एक मेजावर आख्खी ठेवावी, दुसरी आधी चौकटींवर मोडून ताटलीत झाकून ठेवावी. बाजारचा स्लाइस ब्रेड शनिवारीच कापून ठेवला की रविवारी त्याच्या कडा वाळून कोपरे वळतात आणि चुरा सगळीकडे सांडतो. ज्यांना गहू चालत नाही त्यांच्यासाठी ज्वारीच्या भाकरीचे तुकडे वेगळ्या ताटलीत, वेगळ्या कापडाखाली ठेवावेत आणि ती ताटली कोणाकडे आहे हे आधी जाहीर करावे. गव्हाच्या ताटलीच्या कोपऱ्यात ते ठेवले तर काही उपयोग नाही, चुरा लागतोच.

रस. नाशिक आणि तासगावचा द्राक्षांचा हंगाम जानेवारी ते एप्रिल. उपासकाळ (लेंट) आणि पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) बहुधा त्यातच येतात, म्हणजे ताजा रस परवडतो. एक किलो काळ्या द्राक्षांतून ६०० ते ६५० मिली रस निघतो. मणी देठांवरून सोडवून धुवावेत, हाताने कुस्करावेत. मिक्सर लावू नये. बिया फुटतात आणि रस कडवटतो. जाड बुडाच्या स्टीलच्या भांड्यात मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे ठेवले की सालीचा रंग सुटतो. मलमलीतून गाळावे, पिळू नये. मग पुन्हा तापवावे, ८० ते ८५ अंशांपर्यंत, उकळी येऊ न देता, आणि उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाटल्यांत गरम असतानाच गळ्यापर्यंत भरून झाकण घट्ट लावावे. हीच युक्ती १८६९ मध्ये अमेरिकेत थॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्याने वापरली आणि न आंबवलेला रस मेजावर आला. न तापवलेला रस मराठवाड्याच्या एप्रिलमध्ये दुसऱ्या दिवशीच फसफसतो. पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात तो रात्रभर ठेवू नये. आंबटपणाने धातू उतरतो आणि चव बिघडते.

हंगाम नसेल तेव्हा अर्धा किलो काळ्या मनुका दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, सकाळी वीस मिनिटे मंद उकळाव्यात, घोटून दोनदा गाळाव्यात. सव्वा ते दीड लिटर रस होतो. एकदाच गाळला तर कपाच्या तळाशी गाळ बसतो. कपात साधारण १० मिली मावते, पण ७-८ मिलीच ओतावे. काठोकाठ भरलेले तबक चौथ्या बाकावर पोचेपर्यंत सांडलेले असते. या हिशेबाने दीडशे जणांना सव्वा लिटर पुरतो. बाटलीबंद क्रश पाण्यात कालवून मेजावर ठेवणे मात्र थांबवा. त्यात फळाचा अंश थोडा, साखर आणि रंगच जास्त. पाहुण्यांना सरबत करताना आपण लिंबू पिळतो आणि प्रभूच्या मेजाला क्रश, हे बरे दिसत नाही. आंबवलेला द्राक्षारस वापरणाऱ्या मंडळ्यांशी आमचा वाद नाही. ज्याची त्याची परंपरा आहे.

काचेचे कप दोनशे असले तर चौघांना धुवायला अर्धा तास लागतो. आधी साध्या पाण्याने विसळून ते पाणी झाडाच्या मुळाशी घालतो, मग साबण, मग गरम पाणी. थंड काचेवर एकदम उकळते पाणी ओतले तर कप तडकतो, म्हणून आधी कोमट. मेजाच्या कापडावर रस सांडला तर आधी साबण लावू नये, डाग निळा पडतो. लगेच थंड पाण्यात बुडवावे. एवढेच काम आहे. सीलबंद कपांचे काय होते, तेही सांगून टाकतो. दोनशे कप आणि चारशे पदर काळ्या पिशवीत भरून कचऱ्यात जातात, त्यांतल्या कित्येकांत रस तसाच असतो आणि दुपारपर्यंत पिशवीभोवती मुंग्यांची रांग लागते. ज्यावर प्रार्थना झाली ते कचऱ्याच्या गाडीत चढवताना आमचे हात जड होतात.

तिसरी तक्रार, आणि आमच्या मते सगळ्यांत गंभीर, मेजाबाहेर राहणाऱ्यांची.

करिंथच्या मंडळीत श्रीमंत आधी येऊन जेवून घेत आणि राबणारे उशिरा पोचत तेव्हा त्यांना काही उरत नसे. पौल त्यांना रागावला, आणि त्याने सांगितलेला उपाय अगदी साधा होता : एकमेकांची वाट पाहा. आपल्या पंगतीतसुद्धा शेवटच्या पानावर वाढून होईपर्यंत कोणी घास उचलत नाही. मग रात्रपाळी करून धावत आलेल्या नर्सला ‘वाटप झाले’ असे दारात का सांगितले जाते? वॉचमनची ड्युटी, कारखान्याची पाळी, लांबच्या वाडीवरून येणारी एसटी हे पंचांना ठाऊक असते.

ऊसतोड कामगारांचे तर याहून वाईट. बीड, अहिल्यानगर, मराठवाड्यातून दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम संपल्यावर परततात. त्यांत आपल्या मंडळ्यांचे सभासद आहेत. नाताळ त्यांचा कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत जातो, आणि हंगाम लांबला तर उत्तम शुक्रवारही (गुड फ्रायडे) उसाच्या फडात. वर्षातले पाच-सहा महिने मेज त्यांच्यापर्यंत पोचत नाही, आणि त्यांची नावे मात्र ‘गैरहजर सभासद’ म्हणून लिहिली जातात. एक पाळक आठ-दहा गावे सांभाळतो, त्याची ओढाताण आम्हाला दिसते. पण आधी ठरवले तर हंगामात दोनदा तळावर जाता येते. मेज म्हणून एक घडीचा पाट आणि पांढरे कापड पुरते.

अंथरुणाला खिळलेल्यांची गोष्टही तीच. जस्टिनच्या त्या वर्णनात सेवक गैरहजर असलेल्यांच्या घरी वाटा घेऊन जातात, आणि त्याच दिवशी गोळा झालेले दान अनाथ, विधवा, आजारी, कैदी यांच्यासाठी भक्ती चालवणाऱ्याकडे ठेवले जाते. आपल्याकडे घरचे प्रभुभोजन ‘कळवल्यास देऊ’ असे असते. जी आजी फोन लावू शकत नाही ती कळवणार कशी? एका डब्यात चार कप, १०० मिली रसाची त्याच दिवशी भरलेली बाटली, झाकणाच्या डबीत भाकर, धुतलेला रुमाल आणि स्तोत्रांचे पुस्तक एवढे घेऊन दोन पंच निघाले तर दुपारभरात पाच घरे होतात. गिळायला त्रास असेल तर भाकरीचा कण रसात भिजवून द्यावा, आणि घरच्यांना आधी विचारावे. प्रार्थना लांबवू नये, आजारी माणूस थकतो. पण उपकारस्तुती गाळू नये.

आणि वर्गणी. थकलेल्या वर्गणीची यादी प्रभुभोजनाच्या रविवारी वाचली जाते तिथे आम्ही मान वर करू शकत नाही. शिस्तीचा प्रश्न वेगळा आहे. उघड पापाबद्दल पाळकाने भेटून बोलावे, ते शास्त्राला धरून आहे. पण ज्याने स्वतःला फुकट दिले त्याच्या मेजाशी पावतीपुस्तक आणणे आम्हाला मान्य नाही. निवडणुकीतला राग आणि मिळकतीचे खटलेही त्या मेजापर्यंत येऊ देऊ नका.

आमच्या मागण्या अशा :

सीलबंद कप कायम करण्याचा ठराव मागे घ्यावा. ज्यांना आजारपणामुळे ते हवेत त्यांच्यासाठी थोडे ठेवावेत, आणि पंचाने स्वतः उघडून हातात द्यावेत.

प्रत्येक प्रभुभोजनाला एक आख्खी भाकर मंडळीसमोर मोडली जावी.

उपकारस्तुतीची प्रार्थना पूर्ण म्हणावी आणि मंडळीचे ‘आमेन’ मोठ्याने व्हावे. मेजासाठी किमान पस्तीस मिनिटे राखून ठेवावीत, आणि सूचना भक्ती सुरू होण्याआधी संपवाव्यात. वाटप चालू असताना यंत्रावरचे संगीत न लावता मंडळीने गावे. ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतसंग्रहात नारायण वामन टिळकांची पदे आहेत, पेटी आणि तबला आहे.

शेवटचा माणूस घेईपर्यंत सगळ्यांनी थांबावे. उशिरा येणाऱ्यांसाठी एक तबक आणि एक ताटली झाकून ठेवावी, आणि आशीर्वादाआधी ‘कोणी राहिले आहे का?’ असे विचारावे.

आजारी आणि घरबंद सभासदांची यादी पंचांनी स्वतः करावी आणि प्रभुभोजनानंतरच्या सात दिवसांत त्यांच्या घरी जावे. ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी, निघण्याआधीच्या रविवारी मेज मांडावे, आणि हंगामात दोनदा तळावर जाण्याच्या तारखा वर्षाच्या वेळापत्रकात छापाव्यात.

वर्गणीचा आणि मेजाचा संबंध तोडावा. त्या दिवसाच्या दानाचा ठरावीक वाटा विधवा, अनाथ आणि आजारी यांच्यासाठी वेगळा काढावा आणि त्याचा हिशेब फलकावर लावावा.

उरलेली भाकर आणि रस कचऱ्यात जाऊ नये. भाकर पंचांनी तिथेच आदराने खावी, रस प्यावा किंवा झाडाच्या मुळाशी ओतावा.

हे पत्र येत्या कमिटीच्या सभेत वाचून दाखवावे आणि त्यावर झालेला निर्णय रविवारी मंडळीला सांगावा, ही विनंती. ऊसतोडीच्या गाड्या दिवाळीच्या सुमारास निघतील, म्हणून सभा त्याआधी व्हावी. भाकरीचे पीठ, द्राक्षे, मनुका आणि काचेच्या कपांचा खर्च आम्ही आपसात वाटून घ्यायला तयार आहोत, आणि ज्या मंडळीत हे काम कोणाला येत नाही तिथे शनिवारी येऊन शिकवायलाही.

प्रभूच्या सेवेत आपले,
मेज मांडणारे, भाकर भाजणारे आणि कप धुणारे